थुंकलेला घोट

१

मच्छिंद्र आप्पा शितोळे खुर्चीतून खाली कलंडलेले सापडले, तेव्हा त्यांच्या समोरच्या टेबलावर धुतलेलं पांढरं फडकं अंथरलेलं होतं. त्यावर एक बाटली, एक काचेचा पेला आणि पेल्याच्या तळाशी उरलेली थोडी लाल वाइन. आप्पा रोज सकाळी असेच बसायचे. खुटबावात हे कुणाला नवं नव्हतं.

१९५९ सालचा डिसेंबर होता. दारूबंदीचे दिवस. तरी आप्पांच्या बागेत वाइन व्हायची, कारण त्यांच्याकडे सरकारी परवाना होता. पुण्यातल्या एका चर्चला उपासनेसाठी लागणारी वाइन ते पुरवत. महायुद्धात ते इटलीत लढले होते. मांडीत गोळी शिरल्यावर तिथल्या एका द्राक्षवाल्याच्या घरी कित्येक महिने पडून होते, आणि गावी परतले ते हे वेड घेऊन. सगळे ऊस लावत होते तेव्हा आप्पांनी द्राक्षं लावली. बायको लवकर गेली. मूलबाळ नव्हतं. बाग होती, तळघरातली लाकडी पिंपं होती आणि नाक होतं. पेला नुसता नाकाशी धरून आप्पा सांगत, ही द्राक्षं ओढ्याकडच्या ओळीतली की विहिरीकडच्या. त्या नाकाची ख्याती दौंडपर्यंत पोचली होती.

यवतचे फौजदार गनी मुलाणी बागेत पोचले तेव्हा आप्पांचा पुतण्या पोपटराव ओट्यावर डोकं धरून बसला होता. पलीकडे स्वयंपाकीण धुरपदा तोंडाला पदर लावून रडत होती.

"साहेब, आप्पानं जीव दिला," पोपटराव म्हणाला. "मी न्याहारी घिऊन आलो, तर उंबऱ्यातच फवारणीच्या औषधाचा वास आला. लसणीवानी, उग्र. तवाच काळजात धस्स झालं."

"चुकून गेलं असेल पोटात."

"चुकून? तुमी तर वळखत व्हता त्यास्नी. माझ्यासारख्याला जो वास उंबऱ्यात आला, तो आप्पाच्या नाकाला पेल्यात आला न्हाई व्हय? जाणूनबुजूनच घेतलं त्यांनी."

मुलाणी आप्पांना ओळखत होते हे खरं होतं. त्यांचं स्वतःचं घर शिरूरला, बायको वारलेली, मुलगी आपल्या संसारात. यवतच्या सरकारी खोलीत रविवार अंगावर यायचा, म्हणून ते सायकल काढून इथं येत. आप्पा पेला घेऊन बसत, मुलाणी चहा घेऊन. दारूच्या थेंबाला त्यांनी जन्मात हात लावला नव्हता आणि आप्पांनी कधी आग्रहही केला नव्हता. दोघं फार बोलतही नसत. पण संध्याकाळ कडेला लागायची.

ते खोलीत शिरले. मागून आलेला हवालदार दारातच थबकला आणि त्यानं नाकाला रुमाल लावला.

"साहेब, प्रेत कुजलंय."

मुलाण्यांनी आप्पांचा हात उचलून पाहिला. तो अजून पुरता ताठलाही नव्हता. बाहेर थंडी मी म्हणत होती.

"सकाळी गेलेला माणूस इतक्यात कुजत नाही," ते म्हणाले. "हा वास दुसऱ्या कशाचा तरी आहे."

२

पंचनामा उरकून आप्पांना यवतला हलवल्यावर मुलाणी खोलीत एकटेच थांबले.

आप्पा याच खोलीत राहायचे. इथंच खाट, इथंच टेबल, कोपऱ्यात तळघरात उतरणारा जिना. औषधाचा वास टेबलापाशी दाट होता. दुसरा वास, तो कुजका, खाटेकडून येत होता. मुलाण्यांनी खाट ओढली. मागे भिंतीशी जुन्या रिकाम्या बाटल्यांच्या पेट्या होत्या, आणि पेट्यांच्या मागे मुंग्यांची रांग लागलेली. त्यांनी काठीनं ढोसून आतली वस्तू बाहेर काढली.

तरटाचं गाठोडं होतं. तोंड सुतळीनं सैल बांधलेलं. आत मेलेला घुशीएवढा उंदीर होता. अळ्या पडलेला. कितीतरी दिवसांचा.

उंदीर मरायला कुठंही जातो. पण स्वतःला तरटात बांधून घेत नाही.

तरटावर जागोजागी काहीतरी तपकिरी वाळून कडक झालं होतं. मुलाण्यांनी नखानं खरवडलं. गूळ होता. गुळाच्या ढेपांना गुंडाळायचं हे फडकं. पण या भागात घरोघर गूळ होता, पावला-पावलावर गुऱ्हाळ होतं. त्यावरून कुणाचं नाव घेता येत नव्हतं.

त्यांनी गाठोडं बाहेर नेऊन ठेवलं, हात धुतले आणि पुन्हा टेबलापाशी आले. खुर्चीच्या उजव्या हाताला खाली पितळी तस्त होतं. आप्पांचा रिवाज त्यांना पाठ होता. पहिला घोट तोंडात घोळवून या तस्तात थुंकायचा. मग क्षणभर थांबायचं. दुसरा घोट गिळायचा.

मुलाणी खाली वाकले. तस्तात लाल वाइन होती. त्यांनी नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. त्या वाइनला तोच लसणीसारखा भपकारा होता.

आप्पांनी पहिला घोट रिवाजाप्रमाणे थुंकला होता. जीव द्यायला बसलेला माणूस जहराचा घोट तोंडात घोळवून थुंकत नाही. तो एका दमात पितो. म्हणजे आप्पांना मरायचं नव्हतं. रोजच्यासारखी चव घ्यायला ते बसले होते.

पण मग त्या नाकाला हे कळलं कसं नाही?

३

धुरपदा बागेच्या कडेच्या चुलीपाशी बसली होती. चूल पेटवली होती, पण वर काही ठेवलं नव्हतं.

"मी हितं नव्हते वो साहेब. लेकीचं बाळंतपण कासुर्डीला, म्हून गेले व्हते. आज सकाळीच आले. फाटकातनं आत आले तर पोपटराव दारात हुबे. आत पाऊल टाकत व्हते. मला बघितलं आन् वरडले, आप्पा गेले म्हून."

"तू नव्हतीस तेव्हा जेवण कोण द्यायचं?"

"पोपटरावांच्या घरनं डबा यायचा. त्यांच्या मालकीणबाई, कस्तुराबाई, करायच्या, पोपटराव आणायचे."

"आप्पांच्या जेवणाखाण्यात हल्ली काही फरक होता?"

धुरपदा घुटमळली. "नावं ठेवायचं बंद झालं व्हतं त्यांचं. आधी हिंग जरा जास्त पडला तर ताट सारायचे. पावसाळ्यापास्नं मिरची वाढीव म्हणायचे, मीठ वाढीव म्हणायचे. एकदा डाळ पार करपली माझ्याकडनं. मी भीत भीत वाढली. गप जेवले साहेब. चांगली झालीय म्हणाले. मी घरी जाऊन रडले. मला वाटलं, मानूस माझ्यावर रागवायला बी कटाळला."

पोपटराव आपल्या गुऱ्हाळावर भेटला. काहिलीतला रस उकळत होता. सगळीकडं गोड वाफ पसरली होती. त्यानं मुलाण्यांना बाजेवर बसवलं. चेहरा ओढलेला, पण बोलणं सावध होतं.

"डबा तुम्हीच नेत होता?"

"दोन्ही वेळचा. मीच. दुसऱ्या कुणाच्या हातचं आप्पास्नी आवडायचं न्हाई. समूर बसून जेवायचे, मी बी तितंच दोन घास खायचो. तेवढीच सोबत. लई एकटे पडले व्हते."

"कुठं बसायचात?"

"खोलीतच. आप्पा खाटंवर, मी खाली चटई टाकून."

"कालही?"

"काल रातच्याला बी."

"खोलीत काही वेगळं जाणवलं? काही खटकलं?"

"न्हाई बा. नेहमीवानीच सगळं."

मुलाण्यांनी मान हलवली. "बागेचं काय ठरलं होतं?"

पोपटरावाच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. "ते सगळ्या गावाला ठाव हाय. पुढल्या सोमवारी दौंडला जाऊन बाग सांभाळणाऱ्या इलाहीच्या नावावर ती करणार व्हते. चावडीत सगळ्यांसमूर बोलले. आता तुमीच बघा साहेब. बाग मिळायच्या आधी आप्पा मेले, यात इलाहीचं नुकसान. म्हून मी त्याच्यावर बोट ठेवत न्हाई. आप्पानं जीवच दिला."

मुलाणी उठले. इतक्या समंजसपणानं बोलणारा वारस त्यांनी फार क्वचित पाहिला होता.

बागेत परत आले तेव्हा तळघराच्या जिन्यावर एक माणूस गुडघ्यात डोकं घालून बसला होता. इलाही पुण्याहून आला होता.

४

इलाही लहानपणी अनाथ होऊन शितोळ्यांच्या घरी आला होता आणि आता त्याच्या कानशिलांवर पांढरे केस होते. बागेतली छाटणी, द्राक्षं दाबून रस काढणं, पिंपं, सगळं तोच बघायचा. चर्चला वाइन पोचवायला तो मालमोटारीनं पुण्याला गेला होता आणि धर्मगुरूंच्या आवारातच मुक्काम करून होता.

"बाटली पिंपातून कधी भरतात?" मुलाण्यांनी विचारलं.

"रोज सकाळी. आप्पाच भरायचे. टेबलावर ठेवून आंघोळीला जायचे. कालची वाइन आज कधी चाखायचे न्हाईत."

मुलाण्यांनी तळघरात उतरून ते पिंप हुंगलं होतं. त्यात काही खोट नव्हती. जहर बाटलीत पडलं होतं, तेही आज सकाळी, आप्पा आंघोळीला गेल्यावर. तेव्हा इलाही पुण्यात होता. पण हा निर्दोष माणूस मान वर करायला तयार नव्हता.

"पोपटराव म्हणतात आप्पांनी जीव दिला."

"दिला असंल साहेब."

"का?"

इलाहीनं डोकं आणखी खाली घातलं.

"इलाही, मी इतके रविवार त्यांच्या समोर बसलो. त्यांना काहीतरी झालं होतं आणि मला त्यांनी सांगितलं नाही. तुम्हाला ठाऊक आहे. त्यांचं नाक गेलं होतं ना?"

इलाहीनं दचकून वर पाहिलं. मग त्याचे डोळे भरून आले.

"भादव्यात ताप आला व्हता. उतरला, तवा नाक घिऊन गेला. कायबी वास येईना. फुलाचा न्हाई, शेणाचा न्हाई. मला शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई म्हून. म्हणाले, लोकं मला या नाकावरनं वळखतात. ते गेलं तर मी कोण?"

"मग चर्चची वाइन पारखायचं कोण?"

"मी. ते पेला धरायचे, मी बी धरायचो. मग मी सांगायचो. आधी काय येतंय, मग काय येतंय, गिळल्यावर मागं काय ऱ्हातंय. ते डोळे मिटून ऐकायचे. मधीच म्हणायचे, थांब, लवंगेचं काय? मी पुन्हा हुंगायचो. साहेब, ते कानानं चव घ्यायचे."

"आणि तुम्ही नसताना?"

"तरी बसायचे. एकटेच. म्हणायचे, कोण जाणे, एखाद्या सकाळी परत येईल." इलाहीनं बाहीनं डोळे पुसले. "मी पुण्याला जायाला नको व्हतं. एकटे पडले आन् मन खचलं. म्हून घेतलं त्यांनी."

"नाही," मुलाणी म्हणाले. "त्यांनी पहिला घोट तस्तात थुंकला आहे."

इलाहीला कळायला क्षण लागला. मग तो दोन्ही हातांनी तोंड झाकून ओक्साबोक्शी रडू लागला. आप्पा मरायला बसले नव्हते. ते वाट बघत बसले होते.

"आता ऐका," मुलाणी हलकेच म्हणाले. "त्यांचं नाक गेलंय हे आणखी एका माणसानं ताडलं होतं. पण त्याला खात्री नव्हती. म्हणून त्यानं आधी ते तपासून बघितलं."

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी पोपटरावाला बागेत बोलावलं. खोलीच्या खिडक्या उघडल्या होत्या. इलाही आणि धुरपदा भिंतीशी उभे होते. टेबलावर कागदात गुंडाळलेलं तरटाचं फडकं होतं.

"पोपटराव, परवा रात्री तुम्ही इथं चटईवर बसून जेवलात. खाटेजवळ."

"व्हय."

"खाटेमागं या तरटात बांधलेला मेलेला उंदीर होता. अळ्या पडलेला. माझा हवालदार दारातून आत यायला तयार नव्हता. तुम्ही हाताच्या अंतरावर बसून भाकरी खाल्लीत, आणि तुम्हाला काही वेगळं जाणवलं नाही?"

पोपटराव गडबडला. "सर्दी झालीय मला. नाक चोंदलंय."

"काल सकाळी फवारणीच्या औषधाचा वास तुम्हाला उंबऱ्यातच आला. तुम्हीच सांगितलंत. सगळ्यांत आधी."

पोपटरावानं नाकाशी नेलेला हात खाली घेतला.

"उंदराचा वास आला, असं तुम्ही म्हणूच शकत नव्हता," मुलाणी पुढं म्हणाले. "म्हणाला असतात तर माझा पुढचा प्रश्न ठरलेला होता. मग आप्पांना तो कसा आला नाही? त्यांचं नाक शाबूत होतं, यावरच तुमचा सगळा डाव उभा होता. नाक शाबूत, म्हणजे जहर जाणून घेतलं. नाक गेलेलं, म्हणजे कुणीतरी दिलं. इलाहीला असा उंदीर ठेवून आप्पांचं नाक तपासायची गरज नव्हती. त्याला भादव्यापासून सगळं ठाऊक होतं, आणि तो पुण्यात होता. धुरपदा कासुर्डीला होती. या खोलीत दोन्ही वेळा येणारा एकच माणूस होता."

"दुसऱ्या कुणीतरी ठेवला असंल..." पोपटराव पुटपुटला आणि थांबला.

"काल दारात धुरपदा भेटली नसती, तर तुम्ही हे फडकं घेऊन गेला असतात. ते न्यायलाच परत आला होतात."

पोपटराव खाली बसला. चटई नव्हती, तरी तिथंच, जमिनीवर.

"गुऱ्हाळावर आलते," तो म्हणाला. "काहील करपली व्हती. शंभर पावलांवरनं मानसं नाक धरून पळत व्हती. आन् आप्पा काहिलीशेजारी हुबे ऱ्हाऊन म्हणाले, झकास वास सुटलाय पोपट. तवा मला संशव आला." त्यानं इलाहीकडं पाहिलं. "आमच्या घराण्याची जमीन ती. आजानं दोघा भावांत वाटली. माझ्या बापानं ऊस पिकवला, तर आप्पानं त्याला कवा शाबास म्हटलं न्हाई. आन् बाग कुणाला, तर याला. रगताचा मी. मला एकदा बी जवळ बसवून सांगितलं न्हाई, हे कसं करत्यात म्हून."

"तुम्ही विचारलंत कधी?" इलाहीनं विचारलं. त्याच्या आवाजात राग नव्हता.

हवालदारानं पोपटरावाचा दंड धरून त्याला उठवलं.

तो गेल्यावर मुलाणी इलाहीला म्हणाले, "कोर्टात हे सगळं सांगावं लागेल. नाकाचंही. त्याशिवाय खून शाबित होणार नाही."

"शपथ घातलीय साहेब त्यांनी."

"ठाऊक आहे. पण तुम्ही गप्प राहिलात तर लोक जन्मभर म्हणतील, आप्पा जगायला कंटाळले. सांगितलंत तर म्हणतील, नाक गेलेलं असतानाही रोज सकाळी टेबलाशी बसत होते. काय म्हणू द्यायचं, ते तुम्ही ठरवा."

इलाही टेबलावरच्या पांढऱ्या फडक्याकडं बघत राहिला. "सांगतो," तो शेवटी म्हणाला.

६

पुण्याच्या कोर्टात इलाहीनं साक्ष दिली. खुटबाव-यवतचे पुष्कळ लोक मुद्दाम आले होते. बचावाच्या वकिलानं हसत विचारलं, नाक नसलेला माणूस वाइन पारखत होता यावर कोण विश्वास ठेवील? इलाहीनं त्या सकाळी कशा जायच्या ते सांगितलं. तो काय बोलायचा आणि आप्पा कुठं थांबवायचे, तेही. कोर्टात कुणी हसलं नाही. पोपटरावाला जन्मठेप झाली.

बाग कुणाची, हा दावा मात्र दौंडला पडून राहिला. नात्यातले बरेच लांबलांबचे लोक अचानक आप्पांचे जवळचे निघाले. तोवर इलाही रखवालीला राहिला. परवाना आप्पांच्या नावाचा होता आणि मार्चअखेर त्याची मुदत संपत होती. मग दारूबंदी खात्याचे लोक येऊन पिंपांना सील ठोकणार होते.

मार्चमधल्या शेवटच्या रविवारी मुलाणी सायकलवरून बागेत गेले. वेलींवर द्राक्षं पिकून लोंबत होती. तोडायचा हुकूम कुणाकडेच नव्हता. धुरपदा लेकीकडं कासुर्डीला राहायला गेली होती. घर बाहेरून झाडलेलं होतं आणि आत पाऊल टाकलं की पोकळ वाजत होतं.

इलाहीनं टेबलावर फडकं अंथरलं होतं. बाटली भरून ठेवली होती. पण तो नुसता उभा होता.

"हुंगून बघितली," तो म्हणाला. "लई चांगली उतरलीय साहेब. यंदासारखी कवाच झाली नव्हती. सकाळपास्नं पेला घेतोय आन् ठेवतोय. मला सवयच न्हाई एकट्यानं. सांगू कुणाला?"

मुलाणी आप्पांच्या खुर्चीकडं गेले नाहीत. भिंतीशी एक स्टूल होतं, ते त्यांनी ओढून घेतलं आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले.

"मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "आणि मी पिणारही नाही. पण सांगा. मी ऐकतो."

इलाहीनं पेला उजेडात धरला, मग नाकाशी नेला. मग अडखळत, शब्द शोधत सांगू लागला. आधी काय येतंय. मग काय येतंय.

मुलाण्यांनी डोळे मिटले.

"सावकाश," ते म्हणाले. "मला कुठं जायचं नाही."